सुरुवात हातमोज्यांपासून करता येईल

नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना हवामानबदलाची काळजी वाटते, पण वॉर्डात त्यांच्या हातात असतं तरी काय, असा प्रश्न विचारला जातो. बरंच असतं! लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयात २०१८ साली विनाकारण हातमोजे न घालण्याची मोहीम परिचारिकांनीच काढली. पहिल्या वर्षात सुमारे २१ टन प्लास्टिक वाचलं. गोळ्या देताना, रक्तदाब मोजताना सहसा मोजे लागत नाहीत, हात स्वच्छ असले की पुरे. रक्ताशी संबंध येणार असेल तिथे मात्र तडजोड नाहीच.

खरी अडचण पुढे येते. विद्यार्थिनी हे वर्गात शिकते आणि वॉर्डात सीनियर सिस्टर म्हणतात, "घाल गं मोजे, उगाच वाद नको." म्हणून हे प्रशिक्षण आधी सीनियर मंडळींना द्यायला हवं.