गीझर लावल्यावर दहा मिनिटांत ईएलसीबी पडतो

प्रश्न:
नमस्कार. आम्ही बेसा भागात राहतो आणि घरात बोअरचेच पाणी आहे. बाथरूममधला १५ लिटरचा, २००० वॅटचा गीझर सात वर्षांचा झाला असून, गेल्या आठवड्यापासून तो लावला की आठ-दहा मिनिटांत ईएलसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा सुरक्षा-स्विच) पडतो आणि सगळ्या घराची वीज जाते. एक वायरमन येऊन पाहून गेले. ईएलसीबीच खराब आहे, तो काढून थेट जोडणी करून देतो, असे त्यांचे म्हणणे पडले. या थंडीत सासूबाईंना पहाटे गरम पाणी लागतेच, तरीही थेट जोडणीला माझे मन धजत नाही. काय करावे?

उत्तर:
ताई, थेट जोडणी कृपया करू देऊ नका. घरगुती ईएलसीबी बहुधा ३० मिलिअँपिअरचा असतो. तेवढी विजेची गळती झाली की तो वीज तोडतो, आणि ओल्या अंगाने नळाला हात लावणाऱ्या माणसाचा जीव त्यामुळेच वाचतो. आधी गीझरची पिन सॉकेटमधून काढून ठेवा. नुसते बटण बंद करून भागत नाही, कारण बटण बहुतेक वेळा फक्त फेज तोडते आणि न्यूट्रलकडची गळती तशीच राहते. पिन काढल्यावर ईएलसीबी टिकला, तर दोष गीझरमध्ये किंवा त्याच्या वायरीत आहे.

उत्तर:
माझा संशय कॉइलवर आहे. बोअरच्या पाण्यातील क्षारांचा थर बसला की उष्णता पाण्यात नीट उतरत नाही, कॉइलची नळी प्रमाणाबाहेर तापते आणि चीर पडून आतल्या विद्युतरोधक पावडरीत ओल शिरते. मल्टिमीटरने कॉइलच्या दोन टोकांमध्ये २६ ओहमच्या आसपास, म्हणजे ठीक, दाखवले, तरी त्यावर विसंबू नका. टोक आणि नळी यांमधील इन्सुलेशन ५०० व्होल्टच्या मेगरनेच (जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन मोजणाऱ्या यंत्राने) तपासून घ्या, कारण मल्टिमीटरच्या सेलवर अशी गळती पुष्कळदा दिसतच नाही. टाकी उघडाल तेव्हा टाकीला गंजण्यापासून वाचवणारा मॅग्नेशिअमचा रॉडही पाहून घ्यावा.

प्रश्नकर्ती:
आपणा दोघांचे मनापासून आभार. पिन काढून ठेवल्यावर दोन दिवस ईएलसीबी एकदाही पडला नाही. काल दुसऱ्या मिस्त्रींनी मेगर लावला आणि दोष कॉइलमध्येच निघाला. तिच्यावर चुन्यासारखा जाड थर होता. तो खरवडल्यावर वाकणापाशी केसाएवढी चीर दिसली. रॉडची तर नुसती तार उरली होती. दोन्ही बदलून घेतले, आणि आज पहाटे सासूबाईंची अंघोळ गरम पाण्याने झाली.