फवारणीनंतर भावाला मळमळ अन् चक्कर, कपाशीत डोमकळ्या (गुलाबी अळीने आतून मिटवलेली, न उमललेली फुलं) पण दिसताहेत, काय करू?

प्रश्न:
नमस्कार मंडळी. कपाशी 70 दिवसांची आहे. आठ दिवस झड होती, शेतात पाय ठेवता आला नाही, काल उघाड पडली तसा लहान भाऊ भर दुपारी पंप घेऊन घुसला, शेजारच्यांनी सांगितलं म्हणून दोन औषधं आणि टॉनिक एकाच पंपात मिसळलं. रात्रीपासून डोकं दुखतंय, मळमळतंय, घाम सुटलाय, अंधुक दिसतं म्हणतो. आई म्हणते ऊन लागलं, लिंबू सरबत दिलंय. अर्धं शेत राहिलंय, आज मी उरकून घेऊ का? कोणतं औषध मारू?

उत्तर 1:
दादा, शेत राहू द्या, आधी भावाला दवाखान्यात न्या, आत्ताच. हे ऊन नाही, विषबाधेची लक्षणं आहेत. गाडी नसेल तर 108 ला फोन करा. कालचे कपडे अजून अंगावर असतील तर काढा, साबणाने अंग, केस, नखं सगळं धुवा, विष कातडीतून पण आत जातं. उलटी मुद्दाम करवू नका, दूध-तूप पाजू नका. आणि दोन्ही औषधांचे डबे सोबत घ्या, लेबल बघितल्यावर डॉक्टरला कळतं कोणत्या गटातलं विष आहे, उतारा त्यावरच ठरतो. 2017 ला आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन कितीतरी शेतकरी-मजूर गेले, कपाशी डोक्याएवढी वाढलेली आणि फवारा सरळ तोंडावर. तेव्हापासून कोणी "जराशी चक्कर आली" म्हटलं की मला बसवत नाही.

प्रश्नकर्ता:
नेलं. भरती करून घेतलं, डबे बघून लगेच इंजेक्शन सुरू केलं. आता बोलतोय बरा. खूप आभार दादा. एका डब्यावर लाल त्रिकोण होता, आम्ही कधी बघितलाच नव्हता.

उत्तर 2:
भाऊ सावरला हे वाचून जीव भांड्यात पडला. लाल त्रिकोण म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. अळीचं असं की डोमकळी दिसली म्हणून लगेच पंप उचलायचा नाही, आधी मोजायचं. शेतात फिरून वेगवेगळ्या झाडांची 20 हिरवी बोंडं तोडा आणि फोडून बघा, 2 किंवा जास्त बोंडांत अळी निघाली तर नुकसानीची पातळी गाठली, म्हणजे फवारणीची वेळ आली समजा. फुलांचं पण तसंच, 100 मागे 10 डोमकळ्या. एकरी 2 कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढून धरणारे) लावा, सलग 3 रात्री एका सापळ्यात रोज 8 पतंग आले तरी फवारणीचा विचार करा. डोमकळ्या मात्र आजच वेचून जाळा, अळी आतच असते. पातळीच्या खाली असेल तर 5 टक्के निंबोळी अर्क पुरे. गुलाबी अळी एकदा बोंडात शिरली की भोक बुजतं, मग वरून कितीही मारा, तिला काही लागत नाही, विष फक्त मारणाऱ्याच्या अंगावर येतं.

उत्तर 3:
वरचं सगळं बरोबर, एकच जोडतो. दोन औषधं मिसळून तिसरं काय तयार होतं ते दुकानदारालाही माहीत नसतं, एका वेळी एकच, लेबलवरच्या मापानेच. फवारणी सकाळी लवकर नाहीतर ऊन उतरल्यावर, वारा पाठीशी घेऊन, पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे, चष्मा आणि फवारणीचा फिल्टरवाला मास्क, तोंडाला बांधलेला रुमाल भिजला की उलट विष नाकाशी धरून ठेवतो. नोझल तुंबलं तर तोंडाने फुंकायचं नाही, आमच्याकडे अजून फुंकतात. आणि भावाला पुढचे काही आठवडे पंपाला हात लावू देऊ नका, डॉक्टर हो म्हणेपर्यंत. अंगात उतरलेलं विष लगेच निघत नाही, दुसऱ्यांदा थोडं जरी गेलं तरी जास्त बाधतं.

प्रश्नकर्ता:
20 बोंडं फोडली, एकातच अळी निघाली. फवारणी थांबवलीय, उद्या सापळे लावतो. डोमकळ्या आई आणि मी वेचतोय.