एप्रिलची थंडी, विकायचे घर आणि रिकामा गळ

उंबरठा:
नमस्कार. पेनसिल्व्हेनियातील बेथलेहेम येथले आमचे घर मे महिन्याच्या मध्यास विक्रीसाठी काढायचे ठरले आहे. घर १९५० च्या दशकातले आहे. खिडक्यांच्या बाहेरच्या चौकटींचा रंग पोपडे धरून निघतो आहे, मागची पन्हळ कुजलेल्या पानांच्या भाराने एका अंगाला झुकली आहे, तिच्यामुळे तळघराच्या कोपऱ्यात ओल येते, आणि आतल्या खोल्यांना लांबी भरून रंग द्यायचा आहे तो वेगळाच. रंगारी थंडीचे कारण सांगून तारीख पुढे ढकलतो आहे.

या धावपळीत ट्राउट माशांच्या मासेमारीचा हंगाम सुरू झाला त्या शनिवारी मुलाला घेऊन ब्रॉडहेड क्रीकवर गेलो होतो. सकाळी आठपासून दुपारपर्यंत फ्लाय (माशीसारखे दिसणारे कृत्रिम आमिष) टाकत राहिलो, परंतु एकही मासा गळाला लागला नाही. पुलाजवळ गांडूळ लावून बसलेल्यांना मात्र थोडेफार मासे मिळाले. पाण्याचे तापमान ४२ अंश फॅरनहाइट होते. पत्नीचे म्हणणे असे की मासे मिळणारच नसतील तर शनिवार घरालाच द्यावेत. घर विक्रीला लागेपर्यंत नदीचा नाद सोडावा का, आणि दुरुस्तीची कामे कोणत्या क्रमाने करावीत?

पोकोनोकर:
४२ अंशांत फ्लायला मासा न लागणे यात नवल काहीच नाही. ट्राउट शीतरक्ताचा असल्यामुळे एवढ्या थंड पाण्यात त्याचे पचन मंदावते. तो खोल, संथ डोहाच्या तळाशी पडून राहतो आणि आमिष अगदी तोंडासमोरून गेले तरच तोंड उघडतो. पुलाजवळ मिळालेले मासे बहुधा संवर्धन केंद्रातून आणून सोडलेले असावेत. ते एकाच जागी दाटीने असतात आणि वासाच्या आमिषाला लवकर फसतात, म्हणून त्यांच्यावरून नदीची परीक्षा करू नये.

ब्रॉडहेड ही पोकोनो डोंगरांतून पावसाच्या आणि वितळत्या बर्फाच्या पाण्यावर वाहत येणारी नदी आहे, त्यामुळे एप्रिलच्या सुरुवातीला ती गारच असते. पाणी ५० अंशांच्या आसपास पोहोचले की हेन्ड्रिक्सन नावाच्या मेफ्लाय माश्या दुपारी पाण्यावर येऊ लागतात आणि मासेही वर येतात. आपल्या भागात ही वेळ साधारणपणे एप्रिलच्या उत्तरार्धात येते. (कोकणात माझे काका भरती-ओहोटी पाहून गळ टाकायचे, इथे मी खिशात थर्मामीटर घेऊन फिरतो, याचे त्यांना फार हसू येते.)

मुळात तुम्ही तासभर गाडी चालवून जाताच कशाला? तुमच्या गावातूनच मोनोकसी क्रीक वाहते. तिला चुनखडीच्या झऱ्यांचे पाणी मिळते आणि जमिनीखालून येणाऱ्या पाण्याचे तापमान वर्षभर फारसे बदलत नाही, म्हणून डोंगरातले ओढे गारठलेले असताना तिच्यातले रानटी ब्राउन ट्राउट खात असतात. टप्प्याटप्प्याने नियम वेगळे आहेत, ते आधी पाहून घ्यावेत. पहाटे उठण्याचीही गरज नाही, कारण सकाळचे पाणी सर्वांत थंड असते. दुपारी दोननंतर जा आणि सकाळ घरकामाला द्या.

सुतारपक्षी:
योगायोग असा की तुमचा रंगारीही त्याच ५० अंशांची वाट पाहत असावा. बाहेरच्या बऱ्याच लेटेक्स रंगांच्या डब्यांवर किमान ५० अंशांची अट असते. काही नवे रंग ३५ अंशांपर्यंत चालतात. अट हवेइतकीच भिंतीच्या पृष्ठभागालाही लागू असते आणि रात्रीचा गारठाही धरावा लागतो. दुपारी ५५ अंश असताना दिलेला रंग रात्री गोठणबिंदूजवळ गेला तर नीट धरत नाही, आणि मे महिन्यात खरेदीदारासमोर पुन्हा पोपडे दिसतात. तेव्हा रंगाऱ्यावर रागावू नका.

क्रम विचारलात तर आधी पाणी. पन्हळ साफ करून सरळ करा, उतरत्या नळाचे पाणी जोत्यापासून काही फूट दूर सोडा आणि भिंतीलगतच्या मातीला बाहेरच्या दिशेने उतार द्या. या कामाला थंडी आड येत नाही. ओल थांबण्यापूर्वी तळघराची भिंत रंगवू नका, कारण पाहणीला येणारा निरीक्षक ताज्या रंगाचा पट्टा पाहून अधिकच संशय घेतो. शिवाय विक्रेत्याने भरायच्या माहितीपत्रकात तळघरात पाणी येत होते का, हे विचारलेले असते. दुरुस्ती केली तरी पूर्वीची ओल तिथे नोंदवावीच लागते.

चौकटींबाबत एक गंभीर गोष्ट. १९७८ पूर्वीच्या घरात शिशाचा रंग असू शकतो. कोरडा पॉलिश पेपर घासू नका, मुलाला त्या धुळीपासून दूर ठेवा आणि शक्यतो प्रमाणपत्र असलेल्या रंगाऱ्याकडूनच ते काम करून घ्या.

जोते:
सुतारपक्षी यांच्या यादीत रेडॉन, म्हणजे जमिनीतून घरात शिरणारा किरणोत्सारी वायू, राहिला. पेनसिल्व्हेनियात हा विषय हसण्यावारी नेण्यासारखा नाही. डिसेंबर १९८४ मध्ये लिमरिक अणुवीज केंद्रातला एक अभियंता कामावर शिरताना किरणोत्सार ओळखणाऱ्या यंत्राची घंटा वाजू लागली. शोध घेता त्याच्या बॉयरटाउनजवळच्या घरातच लिटरभर हवेमागे सुमारे २७०० पिकोक्युरी (किरणोत्सार मोजण्याचे एकक) रेडॉन निघाला. उपाय करण्याची शिफारस ४ पिकोक्युरीलाच आहे. तुमचे खरेदीदार ही चाचणी मागण्याची शक्यता मोठी आहे. आताच कळले तर जमिनीखालून हवा ओढणारा नळ आणि पंखा सवडीने बसवता येतो. सौदा ठरल्यावर कळले तर तोच मुद्दा किंमत पाडायला वापरला जातो.

या चाचणीतच तुमच्या घरातल्या वादाचे उत्तर आहे. अल्प मुदतीची चाचणी किमान ४८ तास चालते आणि तिच्या १२ तास आधीपासून खिडक्या-दारे बंद ठेवावी लागतात. ये-जा करता येते, पण खिडक्या उघडता येत नाहीत, म्हणजे आतला रंग त्या दिवसांत देता येणार नाही. ती चाचणी येत्या शनिवार-रविवारी लावा आणि मुलाला घेऊन मोनोकसीवर जा.

उंबरठा:
सर्वांचे आभार. पन्हळीचे काम उद्याच काढतो आणि बाहेरच्या रंगाची तारीख एप्रिलच्या अखेरीस घेतो. पत्नीला रेडॉनचा मुद्दा पटला, मोनोकसीचा अजून पटायचा आहे. एक शंका राहिली: एजंट स्वयंपाकघरातली कपाटे बदलायला सांगतो आहे. तो खर्च करावा का?

सुतारपक्षी:
करू नये. बिजागऱ्या घट्ट करा, मुठी बदला. नव्या मालकाची आवड वेगळी निघाली तर तो तुमची नवी कपाटेही काढून टाकील. तेच पैसे शिशाची चाचणी आणि चौकटी यांच्यासाठी राखून ठेवा.