पिकअप मागून खाली घ्यायची तर पाटा काढून नको! तुमचं मत?

तिरपीचाल:
रिकामी पिकअप मागून उंच दिसते, कारण तिचे पाटे (स्प्रिंगच्या, एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या) भरल्या हौद्याच्या हिशेबाने वाकवलेले असतात. ज्यांच्या हौद्यात वर्षभर फार तर एखादी सायकल चढते, त्यांनी ती उंची का सोसायची? गाडी खाली घेण्यात मला काहीच गैर वाटत नाही. माझा आक्षेप पाटे कमी करण्याला आहे. सारख्या जाडीच्या पाच पाट्यांतला एक काढला की कडकपणा पाचव्या हिश्शाने उतरतो आणि उरलेल्या चारांवर त्याच वजनाला सव्वापट ताण येतो. गाडी खाली येते ती फक्त पाटे जास्त दबल्यामुळे. त्यापेक्षा ज्याचा डोळा (टोकाची गोल वळवलेली जागा, जिथे गाडीला जोडायचा बुश बसतो) उलट्या बाजूला वळवलेला असतो, तसा मेन (सगळ्यात लांब) पाटा घ्यावा. साधारण डोळ्याच्या जाडीइतकी उंची उतरते, ताकद तीच राहते.

अर्धाटन:
साफ असहमत. मागची उंची म्हणजे माल भरल्यावर दबायला ठेवलेली जागा. अ‍ॅक्सल (मागच्या चाकांचा आस) आणि बंप स्टॉप (त्याच्या वरचा रबरी अडसर) यांच्यातलं अंतर तुम्ही आधीच खाऊन टाकलंत, तर ताकद तीच राहून उपयोग काय? चार पोती टाकली की अ‍ॅक्सल रबरावर आदळणार. मग धक्के चासी (गाडीचा सांगाडा) सोसणार आणि कमरेचे मणके. हौदा रिकामाच ठेवायचा असेल तर कार घ्या की!

जुना_पाना:
धागाकर्त्याचं "पाटा काढू नये" हे जरा सरसकट झालं. कोणता पाटा? सगळ्यात खालचा जाड, जवळजवळ सरळ हेल्पर गाडी भरल्यावरच कामाला लागतो. पाटे अ‍ॅक्सलच्या वर बसलेले असतील तर तो काढून गाडी त्याच्या जाडीइतकी खाली येते, आणि रिकाम्या गाडीचा कडकपणा बदलत नाही. पाटे अ‍ॅक्सलच्या खाली असतील तर मात्र काढूनही उंचीत फरक शून्य! ब्लॉकचंही (पाटे आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये घालायचा ठोकळा) तेच. अ‍ॅक्सलच्या खालच्या पाट्यांना ब्लॉक लावला तर गाडी उतरते, वरच्यांना लावला तर चढते. आधी गाडीखाली वाकून बघा, मग वाद घाला.

तिरपीचाल:
हेल्पर वेगळा, मान्य. पण तो काढला की कागदावरची वजनमर्यादा नावापुरती उरते, आणि गाडी उद्या दुसऱ्याला विकली तर त्याला हे कोण सांगणार?

लोळणफुगडी:
एवढा खल कशाला? पाटे गॅसने लाल करायचे, सरळ करायचे, संपलं.

जुना_पाना:
@लोळणफुगडी, देवा! पाटा म्हणजे कडक करून मग पाणी उतरवलेलं पोलाद. लाल केलात की ते सगळं गेलं, उरली नुसती पट्टी. ती काही दिवसांत बसते नाहीतर तडकते. कमान उतरवायचीच तर गार असताना, प्रेसवर, थोडी थोडी. आणि उघडलेले यू-बोल्ट (पाटे अ‍ॅक्सलला आवळणारे) परत वापरू नका, नवेच घाला.

कानाडोळा:
लांब शॅकल (पाट्याचं एक टोक चासीला जोडणारा हलता दुवा) हा सोपा मार्ग कोणीच का सांगत नाही? दोन इंच लांब शॅकल, दोन इंच खाली.

तिरपीचाल:
दोन नाही, एकच. पाट्याचं एकच टोक हलतं, अ‍ॅक्सल मध्यावर असतो, म्हणून निम्मा परिणाम. शिवाय शॅकल चासीला लटकून पाट्याचं टोक खाली धरत असेल तर लांब शॅकलने गाडी वर जाते. टोक शॅकलच्या वरच्या बाजूला असेल तरच खाली येते. एकच टोक हलल्यामुळे अ‍ॅक्सलही थोडा फिरतो, तेव्हा पिनियनचा (प्रोपेलर शाफ्ट अ‍ॅक्सलला जिथे जोडतो त्या गिअरचा) कोन तपासून गरज असेल तिथे पाचर घालावी लागते. नाहीतर प्रोपेलर शाफ्टचे (इंजिनची ताकद मागे नेणाऱ्या दांड्याचे) क्रॉस, म्हणजे सांधे, आवाज करू लागतात.

रिमसखा:
मला गाडी जमिनीला घासत चालताना आवडते, कारण विचारू नका. अ‍ॅक्सल पाट्यांखालून काढून वर बसवला की एका झटक्यात पाच-सहा इंच! चासीला खालून खाच पाडून मजबुतीची पट्टी लावावी लागते, एवढंच.

अर्धाटन:
"एवढंच"! चासी कापणं हे "एवढंच"? कॅलिफोर्नियात १९५८ पासून २०२३ पर्यंत कायदा होता की बदल केलेल्या गाडीचा चाकांशिवाय कुठलाही भाग रिमच्या सर्वांत खालच्या कडेपेक्षा खाली नको. त्यामागचा हिशेब कुठेही लागू पडतो. टायर बसला तरी चासी रस्त्याला टेकता कामा नये.

ब्रेकवाली:
सगळे उंचीवर भांडताय, ब्रेकचं नावच नाही. बऱ्याच पिकअपमध्ये चासीवर एक व्हॉल्व्ह असतो, त्याचा दांडा अ‍ॅक्सलला जोडलेला. चासी खाली दबली की तो समजतो माल भरलाय, आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो. तुम्ही रिकामी गाडी तीन इंच उतरवली की त्याच्या लेखी ती कायम भरलेली. ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारला की मागची चाकं आधी लॉक होतात आणि शेपूट फिरतं. दांड्याचं ब्रॅकेट उतरवलेल्या उंचीइतकं सरकवावं लागतं.

आणि इथे मी धागाकर्त्याच्या बाजूने आहे. पाटे तेच ठेवून उंची बदलली असेल तर ब्रॅकेटने हिशेब जुळतो. पाटा काढला असेल तर प्रत्येक किलोला गाडी जास्त दबते, आणि ब्रॅकेट कितीही सरकवलं तरी व्हॉल्व्ह चुकीचंच वजन वाचतो.

कानाडोळा:
माझ्या गाडीत एबीएस आहे, असला व्हॉल्व्ह नाहीच. मग?

ब्रेकवाली:
मग ही अडचण नाही. शॉक अ‍ॅब्सॉर्बर मात्र आखूड घ्या, जुने तळाशी आपटतील. हेडलाइटही परत लावून घ्या, मागून गाडी बसली की झोत वर जातो.

अर्धाटन:
म्हणजे पाचर, ब्रॅकेट, शॉक, यू-बोल्ट, हेडलाइट. आणि हे सगळं करून गाडी नेणार काय, तर एक सायकल.

रिमसखा:
सायकल चढवायला हौदा खाली असलेला बरा ना, दादा!