पब्लिक गोल्फ कोर्सवर इतकं पाणी कशाला?

होटगीरोडकर
लेक ऑर्लँडोला असते. या वेळच्या मुक्कामात जावईबापूंनी तिथल्या एका पब्लिक गोल्फ कोर्सवर नेलं. मी काही कालपरवा शिकलेला नाही. नोकरीत पुण्याला असताना खेळायचो, ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायची काठी) नीट बसला तर चेंडू १८० यार्ड जातो. पण त्या कोर्सवर जवळजवळ प्रत्येक होलला (पहिल्या फटक्यापासून भोकापर्यंतचा टप्पा) पाणी! कुठं डाव्या हाताला तळं, कुठं ग्रीनला (भोकाभोवतीची बारीक हिरवळ) तीन बाजूंनी वेढा, तर कुठं टी (पहिला फटका मारायची जागा) आणि फेअरवेच्या (पुढची कापलेल्या गवताची पट्टी) मधोमध आडवं पसरलेलं.

बाजूच्या पाण्याबद्दल माझी तक्रार नाही. ते चुकवून खेळता येतं, अंगात तेवढी अक्कल पाहिजे. माझं भांडण आडव्या पाण्याशी आहे. एवढा लांब मारता येत असेल तरच पुढं या, असा त्याचा खाक्या. खासगी क्लबानं आपल्या सभासदांसाठी समुद्र खणावा, आपलं काय जातं? पण जिथं कुणीही पैसे भरून येतो, साठी उलटलेले, बायका, पोरं, तिथं हे कशाला? २३० यार्ड मारणाऱ्याला ते पाणी दिसतसुद्धा नाही. दंड फक्त कमजोराला. आणि मागचा गट विठोबासारखा कमरेवर हात ठेवून उभा, तो वेगळाच.

तुमचं काय मत?

पाचनंबरआयर्न
मालक, कोणत्या टीवरून खेळलात ते सोयीस्करपणे लिहिलंच नाहीत. जावयानं पांढऱ्या, म्हणजे पुढच्या टीपेक्षा लांबच्या टीवर नेलं असणार आणि तुम्हाला नाही म्हणवलं नसणार.

अमेरिकेत २०११ साली यूएसजीए आणि पीजीए ऑफ अमेरिका या गोल्फ संघटनांनी 'टी इट फॉरवर्ड' (पुढच्या टीवरून खेळा) मोहीम काढली ती याचसाठी. ड्राइव्ह (टीवरचा लांब फटका) २०० यार्ड जात असेल तर ५२०० ते ५४०० यार्डांचा कोर्स खेळा, असा त्यांचा तक्ता आहे. तुमचा ड्राइव्ह त्याहून कमी. सहा हजारांच्या वर खेळलात तर पाणी नसतं तरी रडला असता.

होटगीरोडकर
पांढऱ्याच होत्या. पण त्या आडव्या तळ्याच्या होलला पुढच्या टीसुद्धा पाण्याच्या अलीकडंच आहेत की वो! पन्नास यार्ड पुढं आणून परत काठावरच उभं करायचं, त्याला सवलत म्हणता?

माळावरचा
गोल्फमधलं मला कळत नाही, पण एक विचारतो. आपल्याकडं उजनी भरली तरी नळाला काही दिवसांआड पाणी. आणि इथं शोभेच्या तळ्यांवर चर्चा चाललीय. लोकांनी चेंडू बुडवावेत म्हणून पाणी साठवायचं?

खडी_मुरूम
@माळावरचा, तिथली तळी शोभेची कमी आणि नाइलाजाची जास्त. फ्लोरिडात जमीन सखल, भूजल वरच. फेअरवे कोरडा ठेवायचा तर भराव पाहिजे, भरावाला माती तिथलीच खणायची, आणि खणलेला खड्डा आपोआप भरतो. पावसाचं पाणी त्यातच उतरतं आणि पुष्कळ ठिकाणी गवताला तेच देतात.

जगातला सगळ्यात गाजलेला पाण्याचा होल असाच झालाय. फ्लोरिडातल्याच टीपीसी सॉग्रास कोर्सचा सतरावा, जेमतेम १३७ यार्ड. मूळची जागा म्हणजे ४१५ एकरांची दलदल, १ डॉलरला घेतलेली. पीट डाय तिथं कोर्स बांधत होते (१९८० साली उघडला). सतराव्याच्या जागेला चांगली वाळू लागली, ती बाकीच्या कोर्ससाठी इतकी उपसली की ग्रीनभोवती नुसता खड्डा उरला. त्यांच्या पत्नी ॲलिस डाय म्हणाल्या, मग ग्रीनचं बेटच करून टाक. आणि ऐका, तो कोर्सही पब्लिकच आहे. फी परवडत असेल तर तुम्ही-आम्हीही खेळू शकतो.

आपल्या काळ्या पाषाणावर मात्र असलं तळं करायचं म्हणजे शेततळ्यासारखा खाली प्लास्टिकचा कागद अंथरून वर टँकर. त्याला माझाही विरोधच.

सातरस्ता_एक्स्प्रेस
काका, एक विनंती. बायकांना तुमच्या 'कमजोरांच्या' यादीतून काढा. अदिती अशोक टोकियो ऑलिंपिकमध्ये चौथी आली, ती काही लांब ड्राइव्हच्या जोरावर नाही.

मी पुढच्याच टीवरून खेळते आणि मला आडवं पाणी हवं असतं. पाच वूडची काठी हातात, समोर हिरवट पाणी, चेंडू उडतो आणि मग काही क्षण नुसतं कान देऊन उभं राहायचं. 'डुबुक' आलं नाही तर त्या दिवसाचे पैसे वसूल. तो होल सपाट गवताचा केला तर माझ्यासाठी उरतं काय?

खेळ खोळंबतो म्हणाल, तर तो पाण्यामुळं नाही. लांब दांड्याचा तो गळ घेऊन शेवाळलेल्या काठावर ओणवे होणारे काका लोक असतात ना, त्यांच्यामुळं. स्वतःचा एक चेंडू गेलेला असतो, दुसऱ्यांचे चार काढल्याशिवाय हलत नाहीत! आणि फ्लोरिडात त्याच काठावर मगर ऊन खात पडलेली असते.

पिवळीखुंटी
खोळंब्याबद्दल सहमत. झाडीत गेलेला चेंडू शोधायला तीन मिनिटं मिळतात (२०१९ आधी पाच होती), आणि लोक ती पुरेपूर वापरतात. पाण्यात गेला की तिथल्या तिथं निकाल. एक दंडाचा फटका, गुडघ्याच्या उंचीवरून ड्रॉप (चेंडू हातानं खाली सोडायचा), चला पुढं. मगर जवळ असेल तर धोकादायक प्राणी म्हणून नियम १६.२ खाली सूटसुद्धा आहे.

आणि पाणी फक्त कमजोराला बुडवतं हे पटत नाही. ऑर्लँडोतच, बे हिल कोर्सवर, १९९८ साली जॉन डेलीनं सहाव्या होलला सहा चेंडू पाण्यात घातले आणि पार पाचच्या (पाच फटक्यांत संपवायच्या) होलला १८ फटके घेतले. त्याच्याएवढा लांब मारणारा तेव्हा कोण होता?

होटगीरोडकर
डेलीचं उदाहरण तुम्हीच दिलंत ते बरं झालं. बे हिलचा सहावा तळ्याला वळसा घालून जातो. डेलीला सुक्या जमिनीवरून जायची वाट होती, त्यानं घेतली नाही ही त्याची खुशी. मला तेवढी वाट द्या, मग मीही माझ्या खुशीनं बुडतो.

ड्रॉपचं म्हणाल तर, आडव्या पाण्याच्या हद्दीला पिवळ्या खुंट्या असल्या की ड्रॉप पाण्याच्या मागंच. लाल लावल्या तरी चेंडूनं शेवटचा काठ ओलांडला तिथून दोन काठ्यांच्या लांबीत. माझ्या चेंडूनं ओलांडलेला काठ अलीकडचाच! म्हणजे दंड भरून पुन्हा तेच पाणी समोर.

सातरस्ता_एक्स्प्रेस
हा मुद्दा मात्र मान्य. बाजूनं वाट पाहिजेच. पण वाट लांबची आणि एक फटका जास्तीची असावी. पाणी बुजवू नका.

होटगीरोडकर
बुजवा कोण म्हणतंय? पाण्यापलीकडं एक टी करा, एवढंच मागणं.

पिवळीखुंटी
पलीकडच्या टीला माझी हरकत नाही. फक्त तिथून खेळलेला स्कोअर हँडिकॅपला (खेळाडूच्या कुवतीचा आकडा) लावताना त्याच टीचं रेटिंग आणि स्लोप (ती किती अवघड, ते आकडे) घ्या. पांढऱ्या टीचं लावून क्लबात मिरवू नका.