मदत हवी आहे: लॅक ऑपेरॉन बंद असताना पहिला लॅक्टोज आत शिरतो कसा?

बारावीला जीवशास्त्र शिकवते. ई. कोलाय या जीवाणूचा लॅक ऑपेरॉन (लॅक्टोज ही दुधातली साखर वापरणाऱ्या, एकत्र चालू-बंद होणाऱ्या जनुकांचा गट) फळ्यावर काढला, ऑपरेटरवर (डीएनएवरच्या स्विचवर) रिप्रेसर (जनुकं बंद ठेवणारं प्रथिन) बसवला आणि सांगितलं, लॅक्टोज आला की रिप्रेसर सुटतो. मागच्या बाकावरून एका मुलीचा प्रश्न आला: लॅक्टोज पेशीत आणणारं परमिएज हे प्रथिन याच ऑपेरॉनमधून बनतं ना? मग आधी कोण?

त्यात रिप्रेसरला चिकटतो तो खरं तर ॲलोलॅक्टोज, आणि लॅक्टोजपासून तो बनवणारं बीटा-गॅलॅक्टोसायडेज हे एन्झाइमही याच ऑपेरॉनमधलं! थोडी गळती, म्हणजे बंद असतानाही थोडी प्रथिनं बनणं, कायम चालू असते, एवढं माहीत आहे. पण ती होते कशी? आणि गळत असेल तर ऑपेरॉन 'बंद' कसला?

अजून एक. झेड, वाय, ए ही ऑपेरॉनची तिन्ही जनुकं एकाच एमआरएनएवर (जनुकांच्या आरएनए नकलेवर) येतात. त्यावरून प्रथिन बनवणारा रायबोसोम एकदाच सुरुवात करतो की तीनदा?

प्रतिसाद १:
ताई, पोरगी हुशार आहे. रिप्रेसर कायमचा चिकटलेला नसतो. लॅकला तीन ऑपरेटर आहेत. चार उपघटकांचा रिप्रेसर त्यातले दोन एकदम धरतो आणि मधल्या डीएनएचा फास होतो. एक पकड सुटली तरी दुसरी असते, त्यामुळे तो लगेच परत बसतो. पण तेवढ्यात आरएनए पॉलिमरेजने एखादा एमआरएनए काढलेला असतो. गळती ती हीच. पूर्ण सुटला तर मात्र एमआरएनए धडाधड निघतात. चालू आणि बंद यांत फरक साधारण हजारपटीचा, म्हणून 'बंद' म्हणायला हरकत नाही.

रायबोसोमचं: प्रत्येक जनुकाला स्वतःचा एयूजी (प्रथिनाची सुरुवात सांगणारी तीन अक्षरं) आणि त्याच्या जरा आधी शाइन-डालगार्नो क्रम (रायबोसोम बसण्याची खूण). रायबोसोमच्या लहान उपघटकातला १६एस आरआरएनए (रायबोसोमचाच आरएनए) तिथे जुळतो, म्हणजे तिन्हींची सुरुवात आपापली. जीवाणूत केंद्रक नाही, त्यामुळे वायचं ट्रान्सक्रिप्शन (एमआरएनएत नक्कल) व्हायचं असतानाच झेडवर प्रथिन बनू लागलेलं असतं.

प्रतिसाद २:
ग्लुकोज विसरू नका. तो असेल तर परमिएजच अडवलं जातं, शिवाय सीएएमपी हा पेशीतला निरोप्या रेणू कमी राहतो. मग त्याच्या जोरावर चालणारं कॅप प्रथिन डीएनएवर बसत नाही, आणि कॅपच्या मदतीशिवाय लॅकचा प्रमोटर (आरएनए पॉलिमरेज बसण्याची जागा) दुबळाच.
वर्गात नोव्हिक आणि वायनर यांचा १९५७चा प्रयोग सांगा: इंड्यूसर (ऑपेरॉन चालू करणारा रेणू) कमी असताना सगळ्या पेशी अर्धवट चालू होत नाहीत, काही पूर्ण चालू, बाकीच्या बंद.

मूळ लेखिका:
दोघांचे आभार, उद्याचा तास यावरच घेते. पण परीक्षेत इंड्यूसर विचारला तर मुलांनी काय लिहायचं, लॅक्टोज की ॲलोलॅक्टोज? पेपर तपासणारं कुणी आहे का इथे?