रात्री साडेदहानंतर जखमी कुत्र्याला न्यायचं कुठे?

सुपारीबाग (धागाकर्ता)

गेल्या श्रावणातली गोष्ट. गुहागर रस्त्याला, चिपळूणपासून २० किलोमीटरवर आमचं गाव. रात्री साडेदहाच्या सुमारास बागेत डुक्कर शिरलं आणि आमचा काळू त्याच्या अंगावर धावून गेला. डुकरानं सुळ्यानं त्याचं पोट फाडलं. बॅटरीच्या उजेडात बघितलं तर आतडं बाहेर आलेलं. आईनं धुतलेलं जुनं लुगडं भिजवून पोटाला गुंडाळलं, ताडपत्रीत धरून आम्ही त्याला गाडीत ठेवलं.

साडेअकराला चिपळुणात पोचलो. माझ्याकडे चार डॉक्टरांचे नंबर होते. दोन बंद. एकानं उचलला, म्हणाले, सकाळी नऊला आणा. चौथे बाहेरगावी. शेवटी माणसांच्या एका दवाखान्यातल्या रात्रपाळीच्या सिस्टरनी सलाईनची बाटली आणि गॉज दिलं, आतडं कसं ओलं ठेवायचं ते दाखवलं. मावसभावानं कराडच्या एका डॉक्टरांना झोपेतून उठवलं, ते तयार झाले. साडेबाराला निघालो. कुंभार्ली घाटात एवढं धुकं होतं की भावाला पायी पुढे चालत रस्ता दाखवावा लागला. कोयनानगर मागे पडलं आणि पाटणच्या अलीकडे काळू गेला.

तो वाचणं कठीण होतं, हे मला कळतं. पण तो साडेतीन तास कण्हत होता, आणि दुखणं कमी करणारं एक इंजेक्शन द्यायला अख्ख्या तालुक्यात त्या रात्री कुणी सापडलं नाही. ते अजून मनातून जात नाही.

माझं मत असं, की तालुक्यातल्या सरकारी आणि खासगी पशुवैद्यांना मिळून रात्रीची पाळी सक्तीची करावी. रोज एक डॉक्टर, एक फोन नंबर, आणि तो नंबर प्रत्येक दवाखान्याच्या दारावर. पटत नसेल तर जरूर लिहा, मला ऐकायचं आहे.

गोठ्यातला डॉक्टर

तुमच्या काळूबद्दल वाईट वाटलं. पण ते जे दोन फोन बंद होते, त्यातला एक माझ्यासारख्याचा असणार, म्हणून लिहितो. मी घाटावरच्या एका तालुक्यात २२ वर्षं खासगी प्रॅक्टिस करतो.

माझा दिवस पहाटे साडेपाचला धारेच्या वेळी सुरू होतो. कासदाह, व्याल्यानंतर कॅल्शियम उतरून पडलेली गाय, अडलेली म्हैस. अडलेल्या म्हशीत खांद्यापर्यंत हात घालून रेडकू फिरवायला कधी दोन तास लागतात, मग दुसऱ्या दिवशी तो हात वर होत नाही. अशा दिवसानंतर रात्री एक वाजता फोन येतो, "कुत्रं दोन दिवस जेवत नाही." दोन दिवस! मग आज रात्री एकलाच का आठवलं?

आणि तुमच्यासारखी खरी जखम आली, तरी मी एकटा काय करणार? उघड्या पोटाचं ऑपरेशन म्हणजे भूल, भुलेत श्वासाकडे बघणारा एक माणूस, आतडं फाटलंय का ते तपासून शिवणं, नंतर सलाईन लावून रात्रभर जागणं. भुलेचं औषध केटामाइन २०१३ पासून शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणाच्या औषधांच्या यादीत आहे. ते कुलुपात आणि प्रत्येक मात्रेची नोंद. माझी मदतनीस म्हणजे माझी बायको, हातात बॅटरी धरून. दुखणारं कुत्रं चावतं, मालक रक्त बघून बाहेर जाऊन उभा राहतो. पैशाचं विचारलं तर "उद्या पाठवतो". तो उद्या निम्म्या वेळा येत नाही.

आता कॉलेजातून मुली मोठ्या संख्येनं पशुवैद्य होऊन बाहेर पडताहेत. रात्री दोनला अनोळखी पत्त्यावर जा, अशी सक्ती तुम्ही त्यांच्यावर करणार का? पाळी सक्तीची झाली तर मी कुत्र्या-मांजरांचं काम बंद करीन आणि फक्त गुरं बघेन. आज दिवसा मिळतंय तेवढंही मग तालुक्याला मिळणार नाही.

दुधाची किटली

डॉक्टरांशी सहमत. माझ्याकडे सहा गाई. एक गाय पडली तर महिन्याचा हप्ता चुकतो. रात्रभर कुत्री तपासून डॉक्टर झोपला, तर सकाळी माझ्या गोठ्यात कोण येणार? आणि सरकारी पगार आपल्या सगळ्यांच्या करातून जातो, तो आधी गुरांसाठी. १९६२ या फोन नंबरवर बोलावता येणारी सरकारी फिरती पशुवैद्यकीय पथकंही त्याच हिशेबानं बसवलीत, १ लाख पशुधनामागे १ गाडी, तीत एक डॉक्टर, एक सहायक, एक चालक. एवढ्या माणसांत आमचंच पुरं होत नाही. पाळी लावलीत तर ती शहरातल्या पाळीव कुत्र्यांची होईल, लिहून ठेवा.

सुपारीबाग

किटली, काळू सोफ्यावर बसणारा कुत्रा नव्हता. त्याच्यामुळे आमच्या रताळ्यांचं आणि भाताचं किती राखलं गेलं ते यंदा कळतंय. डुकरांनी अर्धा कुणगा उकरून टाकला. तुमची गाय कामाची आणि माझा कुत्रा हौसेचा, ही वाटणी कोकणात तरी लागू पडत नाही. अडलेली गाय रात्रीच अडते ना? मग ही पाळी तुमच्याही उपयोगाची आहे.

तिसरा मजला (पुणे)

मला सुपारीबाग यांचा राग समजतो, पण उपाय पटत नाही. शहरात रात्रीचे दवाखाने आहेत, आणि तरीही मी शनिवारी रात्री बोक्याला मांडीवर घेऊन तीन ठिकाणी फिरले. त्याची लघवी अडली होती. बोक्याची लघवी पूर्ण अडली तर रक्तात पोटॅशियम वाढून एक-दोन दिवसांत हृदय बंद पडू शकतं, म्हणजे ही सकाळपर्यंत थांबायची गोष्ट नव्हे. पहिल्या ठिकाणी बोर्डावर ठळक "२४ तास" आणि शटर खाली. वॉचमन म्हणाला, आधी फोन केला असता तर डॉक्टर आले असते. दुसरीकडे फक्त कंपाउंडर. तिसरीकडे डॉक्टरीण भेटल्या, नळी घातली, बोका वाचला. बिल १४,००० झालं. ते मी भरू शकले, माझ्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना ते जमलं नसतं.

माझं म्हणणं एवढंच, की सक्ती करायचीच असेल तर बोर्डावर करा. डॉक्टर जागेवर असेल तरच "२४ तास" लिहा. फोनवर बोलावून येणार असतील तर तसं लिहा. खोट्या बोर्डामागे माझा पाऊण तास गेला.

मुंबईकर मंडळी परळच्या जनावरांच्या बैलघोडा हॉस्पिटलचं नाव घेतील, ते एकोणिसाव्या शतकातलं. आता महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं प्राण्यांचं पाच मजली रुग्णालयही २०२४ मध्ये सुरू झालं. पण दोन्ही एकाच शहरात, एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर. चिपळूणला त्याचा काय उपयोग?

लेस्टरहून

इथे ब्रिटनमध्ये सुपारीबाग म्हणतात ती सक्ती खरोखर आहे. पशुवैद्यांच्या रॉयल कॉलेजच्या आचारसंहितेत लिहिलंय, की प्रॅक्टिस करणाऱ्या पशुवैद्यानं दिवसाचे २४ तास तातडीचा प्रथमोपचार आणि वेदनाशमन मिळेल अशी व्यवस्था करायची. स्वतः जागायलाच हवं असं नाही, दुसऱ्याकडे सोपवता येतं. बरेच दवाखाने रात्रीचं काम वेगळ्या कंपनीला देतात. आमच्या कुत्रीला गाडीनं धडक दिली तेव्हा फोन पहिल्या रिंगला उचलला गेला आणि कुठे जायचं ते सांगितलं. ४० मिनिटं गाडी चालवली, नुसती तपासणीची फी २०० पौंडांच्या वर. विमा होता म्हणून निभावलं. सक्ती आली की तिचा खर्च मालकाच्या बिलात उतरतो, हे धरून चाला.

सुपारीबाग

लेस्टरहून, तुमच्या प्रतिसादातले दोन शब्द मी वहीत लिहून घेतले: प्रथमोपचार आणि वेदनाशमन. मला तेवढंच हवं होतं. ऑपरेशन कराडला, पुण्याला होऊ दे.

तेव्हा माझी मागणी बदलतो. डॉक्टर, तुम्ही घरी येऊ नका, ऑपरेशन करू नका. फोन उचला, दुखण्याचं इंजेक्शन द्या, रक्त थांबवा, आणि पुढे कुठला दवाखाना उघडा आहे ते सांगा. हेही नको म्हणाल का?

गोठ्यातला डॉक्टर

याला नको म्हणणं कठीण आहे, पण अटी आहेत. जागा एकच हवी, तालुक्याचा श्रेणी १ चा, म्हणजे पदवीधर डॉक्टर असलेला सरकारी दवाखाना, दिवे लागलेले आणि शिपाई हजर. फी आधी. आणि फोन आधी दुसऱ्या कुणीतरी घ्यायचा, शिकलेल्या पशुधन पर्यवेक्षकानं, म्हणजे डॉक्टरच्या हाताखालच्या सरकारी कर्मचाऱ्यानं घेतला तरी चालेल, म्हणजे "जेवत नाही" आणि "रक्त थांबत नाही" वेगळे होतील. एवढं झालं तर पंधरा दिवसांतली एक रात्र मी देईन. सक्तीच्या कागदावर मात्र सही करणार नाही.

आणि जोवर काही होत नाही तोवर सगळ्यांनी हे लक्षात ठेवा. तुमच्या आईंनी केलं ते अगदी बरोबर होतं. बाहेर आलेलं आतडं आत ढकलायचं नाही, स्वच्छ ओल्या कापडात धरायचं. रक्त वाहत असेल तर कापड दाबून धरा, दर मिनिटाला उचलून बघू नका. श्वास नीट असेल तर ओढणीनं तोंड बांधा, धाप लागली असेल तर बांधू नका. जखमीला पाणी, दूध पाजू नका. घरातल्या माणसांच्या गोळ्या अजिबात नकोत. पॅरासिटामॉलच्या एका गोळीनं मांजर मरतं, कॉम्बिफ्लाम, डायक्लोफेनॅकनं कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव होतो. हिरड्या पांढऱ्या पडल्या तर सकाळची वाट बघू नका. आणि चावा बसला तर जखम साबणानं १५ मिनिटं धुऊन आधी स्वतः रेबीजची लस घ्यायला जा.

दुधाची किटली

डॉक्टर मऊ पडले, मी नाही. शिपायाचा पगार, रात्रीची वीज, औषधं हे कोण देणार? ग्रामपंचायत देणार असेल तर ग्रामसभेत मी विरोध करीन. दूध संघाकडून लिटरमागे काही पैसे कापून गुरांची रात्रसेवा चालवा, त्याला माझी तयारी आहे. कुत्र्याला त्यात आणायचं असेल तर कुत्रेवाल्यांनी वेगळी वर्गणी काढावी.

सुपारीबाग

वर्गणी काढतो. आमच्या वाडीत १७ कुत्री आहेत, सगळी राखणीची. घरटी किती जमतात ते गणपतीत सगळे घरी आले की विचारतो आणि इथे आकडा लिहितो. किटली, तोवर तुमच्या संघाला लिटरमागे किती पैसे झेपतील तेवढं विचारून ठेवाल का?